मेक्सिकोत राहून रेपुहादो शिकायचंय? सुरुवात कुठून करायची ते सगळं एकदाच लिहितेय

मेक्सिको सिटीत नवीन आलेल्या मराठी मंडळींचा, खास करून नवरा किंवा बायकोच्या नोकरीमुळे आलेल्या आणि स्वतःच्या रेसिदेंते कार्डावर (म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर) कामाची परवानगी नसलेल्यांचा, एक प्रश्न नेहमी येतो, की इथली एखादी कला शिकायची आहे पण स्पॅनिश धड येत नाही, क्लास कुठे असतात माहीत नाही, आणि बाजारात सामान काय नावाने मागायचं तेही कळत नाही. मी इथे रेपुहादो शिकले, अजूनही दर आठवड्याला जाते, तेव्हा मला जे विचारत विचारत कळलं ते तुम्हाला एका जागी मिळावं म्हणून हे.

रेपुहादो म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यावर हाताने दाब देऊन उठाव काढणं. आपल्या देव्हाऱ्यातला जुना टाक उलटा करून बघितला असेल तर पाठीमागे खोलगट दिसतं ना, पुढून खंडोबा उठून आलेला आणि मागे खड्डा, तत्त्व तेच. फरक इतकाच की रेपुहादोत पत्रा इतका मऊ असतो की हातोडी लागतच नाही, टोकदार आणि गोल टोकाच्या काड्यांनी हळूहळू ढकलत जायचं. या देशात हे काम फार जुनं आहे, युकातानमधल्या चिचेन इत्साच्या पवित्र विहिरीतून उठावकाम केलेल्या सोन्याच्या चकत्या निघाल्यात, आणि १९३२ साली मोंते आल्बानच्या सात नंबरच्या थडग्यात मिश्तेक लोकांचं जे सोनं सापडलं ते ओआहाकाच्या सांतो दोमिंगोमधल्या म्युझियममध्ये आहे, गेलात तर त्या दालनाला निवांत वेळ द्या.

१. आधी कुठलं धातूकाम शिकायचंय ते नक्की करा

इथे बाहेरच्या माणसाला सगळंच सारखं वाटतं, पण तीन-चार वेगळी कामं आहेत आणि चुकीच्या क्लासला नाव घातलं तर पैसे आणि उत्साह दोन्ही जातो.

रेपुहादो: अॅल्युमिनियम, कथील (इथे एस्तान्यो म्हणतात) किंवा तांब्याचा पातळ पत्रा, हाताचा दाब, घरच्या टेबलावर होणारं काम. नवशिक्यांसाठी हेच.

ओहालाता: कथलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, कात्रीने कापून, छिन्नीने ठोकून, डाग देऊन आरशाच्या चौकटी, कंदील, देवाचे छोटे कोनाडे बनवतात. ओआहाका आणि सान मिगेल दे आयेंदे यासाठी प्रसिद्ध. १९व्या शतकात नवस फेडल्याची चित्रंसुद्धा याच पत्र्यावर रंगवायचे. कडा सुरीसारख्या असतात, हे नंतर शिका.

जाड तांबं: मिचोआकानमधलं सांता क्लारा देल कोब्रे, तिथे भट्टीत लाल केलेल्या तांब्याच्या गोळ्यावर चार-पाच जण आळीपाळीने घण घालतात. बघायला जरूर जा, ऑगस्टमध्ये तिथे तांब्याची मोठी जत्रा भरते, पण हे हौसेने आठवड्यातून एकदा शिकायचं काम नाही.

चांदी: गेरेरोमधलं ताश्को. अमेरिकन विल्यम स्प्रॅटलिंग १९२९ मध्ये तिथे राहायला आला आणि त्याच्या वर्कशॉपमधून पुढे अख्ख्या गावाचा चांदीचा धंदा उभा राहिला. तेही वेगळं शिक्षण.

२. क्लास शोधा, आणि तो वस्तीतलाच शोधा

माझं अगदी ठाम मत आहे की रेपुहादो व्हिडिओ बघून एकट्याने शिकू नये. दाब किती द्यायचा हे व्हिडिओत दिसतच नाही, ते शेजारी बसलेल्या बाईच्या मनगटाकडे बघून कळतं, आणि तिने तुमच्या हातावर हात ठेवून एकदा रेघ ओढून दाखवली की डोक्यात पक्कं बसतं. शिवाय हे काम इथे तसंच जगलंय, आजी, मावश्या, रिटायर झालेले काका एका लांब टेबलाभोवती बसतात, हत्यारं मधे पडलेली असतात, ज्याला हवं ते उचलतो. पर्यटकांसाठी दोन तासांची वर्कशॉप असतात, ती मजेची असतात, पण तिथे एक तयार नक्षी गिरवून घरी पाठवतात, शिकणं होत नाही.

शोधायचं कुठे, तर:

- कासा दे कुल्तुरा. जवळपास प्रत्येक आल्काल्दियाच्या, म्हणजे शहराच्या विभागाच्या हातात अशी सांस्कृतिक केंद्रं असतात. फी थोडी असते, तिला कुओता दे रेकुपेरासिओन म्हणतात.
- पिलारेस. मेक्सिको सिटी सरकारची केंद्रं, वस्त्यावस्त्यांत आहेत, तिथले तायेर म्हणजे क्लास फुकट असतात. सगळीकडे रेपुहादो असेलच असं नाही, विचारावं लागतं.
- फारो दे ओरिएन्ते. इस्तापालापामध्ये, २००० साली सुरू झालेलं मोठं कला आणि कारागिरीचं केंद्र, तिथेही क्लास फुकट.
- चर्चचा हॉल किंवा ज्येष्ठांची मंडळं. इंटरनेटवर यांचा पत्ता लागत नाही, शेजारणीला विचारा.

एक अडचण आधीच सांगते. ऑनलाइन वेळापत्रकं बऱ्याचदा जुनी असतात. सरळ उठून जा, गेटवर लावलेला कापडी बॅनर वाचा आणि आत विचारा, "आय तायेर दे रेपुहादो?" एवढं एक वाक्य पुरतं. बहुतेक ठिकाणी तीन-तीन महिन्यांची सत्रं असतात, सत्राच्या मधेच गेलात तरी "नाही" ऐकून परत फिरू नका, माएस्त्राला म्हणजे शिकवणाऱ्या बाईंना प्रत्यक्ष भेटा, जागा असेल तर त्या बसवून घेतात. ऑक्टोबरात मात्र मृतांच्या सणाची तयारी असते, टेबलं भरलेली असतात, तेव्हा नवीन माणसाकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत नसते. जानेवारीत सुरू करणं सगळ्यात बरं.

३. कागदपत्रं

जागेप्रमाणे थोडा फरक पडतो पण साधारण हे मागतात, एका फोल्डरमध्ये तयार ठेवा:

- रेसिदेंते कार्ड, दोन्ही बाजूंची झेरॉक्स. इथले लोक फॉर्मवर "आयएनई" लिहितात, ते नागरिकांचं मतदार ओळखपत्र, आपल्याकडे नसतं, त्याऐवजी हे कार्ड किंवा पासपोर्ट चालतो.
- कुर्प, म्हणजे इथला ओळख क्रमांक. रेसिदेंते कार्ड असेल तर तो त्यावरच छापलेला असतो, ऑनलाइन प्रिंटही काढता येते.
- पत्त्याचा पुरावा, शक्यतो लाइटबिल, तीन महिन्यांपेक्षा जुनं नको. बिल घरमालकाच्या नावावर असतं म्हणून घाबरू नका, ते पत्ता बघतात, तरी भाडेकराराची झेरॉक्स सोबत असू द्या.
- इन्फान्तील साइझचे फोटो, अडीच बाय तीन सेंटिमीटर. हे भारतीय पासपोर्ट फोटोपेक्षा खूप लहान असतात, नेहमीचे नेलेत तर परत पाठवतात. कुठल्याही फोटोच्या दुकानात "इन्फान्तील" म्हटलं की काढून देतात.

ओरिजिनल दाखवायला न्या, पण हातात झेरॉक्सच द्या. आणि झेरॉक्स आधीच काढून जा, कारण केंद्रात मशीन नसतं आणि जवळचं दुकान नेमकं जेवायला बंद असतं.

४. सामान

पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. खरंच नको. माएस्त्रा स्वतःची यादी देतात आणि पहिले काही आठवडे टेबलावरची हत्यारं वापरू देतात. पण काय काय लागतं ते कळावं म्हणून:

- अॅल्युमिनियमचा पत्रा, कालिब्रे म्हणजे गेज ३६ किंवा ३८. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, ३६ म्हणजे साधारण ०.१३ मिमी आणि ३८ म्हणजे ०.१ मिमी. सुरुवात ३८ ने करा.
- टोकदार पण धार नसलेली काडी, रेघ ओढायला. शाई संपलेलं बॉलपेनसुद्धा उत्तम चालतं.
- गोल टोकाच्या काड्या, लहान, मध्यम, मोठी, उठाव काढायला.
- एस्फुमिनो, म्हणजे पेन्सिलची छटा पसरवायला वापरतात ती घट्ट गुंडाळलेली कागदी काडी. हे सगळ्यात महत्त्वाचं हत्यार आहे आणि सगळ्यात स्वस्त, पापेलेरियात म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. दोन तरी घ्या.
- मऊ बैठक: जाड फेल्ट किंवा फोमी (मऊ फोमची शीट). कडक बैठक: काचेचा किंवा गुळगुळीत लाकडाचा तुकडा, काच असेल तर कडांना टेप लावा.
- आल्बानेने, म्हणजे ट्रेसिंग पेपर, आणि मास्किंग टेप.
- कापूस, एस्तोपा (गॅरेजमध्ये हात पुसायला असतो तसला सुताचा गुंता), थिनर, अल्कोहोल.

पत्रा घेताना सगळे एकाच जागी फसतात. त्लापालेरियात म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं "लामिना" मागितलं तर तो छपराचा गॅल्वनाइज्ड पत्रा काढून देतो. "लामिना दे आलुमिनियो पारा रेपुहादो" असं पूर्ण म्हणा, आणि ते कला-साहित्याच्या दुकानात म्हणा. कोल्ड्रिंकचे कॅन कापून प्रॅक्टिस करा असा सल्ला कुणीतरी देईलच, ऐकू नका, तो मिश्रधातू कडक असतो, दाबला की उसळून परत येतो आणि जोर केला की फाटतो. किचनमधली फॉइलही नको, ती फारच पातळ.

एस्तान्योचा पत्रा अॅल्युमिनियमपेक्षा बराच महाग आहे पण हाताला इतका छान लागतो की एकदा काम केलं की मोह होतोच. त्याचं कारण असं की अॅल्युमिनियम आणि तांबं जसजसं दाबत जाल तसतसं कडक होत जातं, कथील नेहमीच्या तापमानाला तसं कडक होत नाही, शेवटपर्यंत मऊ राहतं. तरी आधी दोन-तीन कामं अॅल्युमिनियमवर करा.

५. पहिला तुकडा

पहिली नक्षी बहुतेक माएस्त्रा हृदयाचीच देतात, वर ज्वाळा, मधे काट्यांची माळ. हे हृदय इथे नुसती डिझाइन नाही. चर्चमध्ये बघाल तर संतांच्या मूर्तीजवळ छोटी छोटी धातूची हृदयं, पाय, डोळे, हात टाचून ठेवलेले असतात, त्यांना मिलाग्रो म्हणतात, जो अवयव बरा झाला किंवा बरा व्हावा म्हणून मागणं असतं त्याचा आकार. आपल्याकडे नवसाला चांदीचे डोळे वाहतात, ते ज्याने पाहिलंय त्याला समजावून सांगायची गरज नाही. टेबलावर कुणी मिलाग्रो करत बसलं असेल तर ते कुणासाठी आहे हे लगेच विचारू नका, सांगायचं असेल तर ते सांगतात.

आता काम. नक्षी दहा बाय दहा सेंटिमीटरची धरा आणि पत्रा चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर जास्त कापा, कारण उठाव काढताना पत्रा आतल्या बाजूला ओढला जातो, कडा वळतात, आणि बरोबर मापात कापलेला असेल तर शेवटी पकडायलाही जागा उरत नाही.

पत्रा फेल्टवर ठेवा, वर आल्बानेने टेपने चिकटवा, आणि टोकदार काडीने सगळ्या रेघा एकदाच, एकसारख्या दाबाने ओढा. काडी उभी धरू नका, पेनसारखी तिरकी धरा, उभी धरली की टोक पत्र्यात रुततं. कागद पूर्ण काढायच्या आधी एक बाजू उचलून बघा, एखादी रेघ राहिली असेल तर तेव्हाच ओढता येते, एकदा कागद सुटला की परत त्याच जागी बसत नाही.

मग पत्रा उलटा करा. फेल्टवरच. आता रेघांच्या आतला भाग गोल टोकाच्या काडीने दाबायचा, मोठ्या भागाला मोठं टोक, कोपऱ्यांना लहान. जोर लावायचा नाही, ही या कामातली एकमेव गोष्ट आहे जी मी नवीन माणसाला पुन्हा पुन्हा सांगते, कारण पत्रा पातळ दिसतो आणि वाटतं की एका दमात खोल करून टाकू. पत्रा म्हणजे कणीक नाही, तो इकडून तिकडे सरकत नाही, जागच्या जागी ताणला जातो आणि ताणला तितका पातळ होतो. एका दमात खोल दाबलं की रेघेच्या कडेला, जिथे तो आधीच बारीक झालेला असतो, तिथेच फाटतो. म्हणून हलका हात, एकमेकांना लागून फटके, रेघेच्या कडेकडून मधे यायचं, सगळा भाग थोडा थोडा वर आणायचा.

पहिली फेरी झाली की पत्रा सुलटा करा आणि आता काचेवर ठेवा. उठावाच्या बाहेरची जमीन, म्हणजे नक्षीभोवतीचा सपाट भाग, एस्फुमिनोने घासून सपाट करायची, अगदी रेघेला चिकटून. नवीन माणूस नेमकं हेच गाळतो आणि मग म्हणतो की माझं काम फुगल्यासारखं दिसतं, त्यांचं रेखीव दिसतं. रेखीवपणा उठावातून येत नाही, तो बाजूची जमीन खाली बसवण्यातून येतो. मग टोकदार काडीने पुढूनच रेघ पुन्हा एकदा ओढा, हलकी. परत उलटा, परत फेल्ट, परत दाब. परत काच. असं उलटसुलट तीन-चार वेळा करावंच लागतं, आणि दर फेरीला उठाव थोडाच वाढतो, पण तिसऱ्या फेरीनंतर ज्वाळांच्या कडांवर जी सावली पडायला लागते ती बघितली की आपोआप हात सावकाश चालायला लागतो.

जमिनीवर बारीक ठिपके किंवा आडव्याउभ्या रेघा शेवटी घालतात, पुढच्या बाजूने. ठिपक्यांनी जमीन अजून खाली बसते आणि बारीकसारीक सुरकुत्याही लपतात.

फाटलंच तर? बारीक चीर असेल तर तिथलं काम थांबवा, मागून भरणी घातल्यावर ती धरून राहते. मोठं भोक असेल तर तुकडा टाकू नका, त्यावर जमिनीच्या नक्षीचे प्रयोग करा.

६. मागून भरणी

उठाव आतून पोकळ असतो, बोट लागलं की चेपतो, म्हणून मागचे खड्डे भरायचे. आमच्याकडे मेण आणि पॅराफिन वितळवून ब्रशने किंवा ड्रॉपरने भरतात. काही जण ब्लांको दे एस्पान्या नावाची पांढरी पूड पांढऱ्या रेसिस्तोलमध्ये म्हणजे गोंदात कालवून पेस्ट भरतात, ती वाळायला वेळ घेते पण उन्हात वितळत नाही. मेण वितळवायचं तर पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवूनच, थेट गॅसवर कधीही नाही, मेण पेटतं. भरणी पत्र्याच्या पातळीपर्यंतच, वर आली तर लाकडावर तुकडा नीट बसत नाही, जास्तीची कार्डाने खरवडून काढा.

आणि मेणाचा तुकडा बंद गाडीत ठेवून बाजाराला जाऊ नका.

७. काळं करणं

आधी पुढची बाजू अल्कोहोलने पुसा, बोटांचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग चापोपोते, म्हणजे डांबरी काळा रंग, थिनरमध्ये पातळ करून किंवा काळा अॅक्रिलिक, सगळ्यावर लावा, काही मिनिटं थांबा आणि कापसाने पुसा. वरचा उठाव चमकतो, खाचांमध्ये काळं राहतं. एस्तोपाचे धागे बारीक खाचांत अडकतात म्हणून शेवटची पुसणी कापसानेच. थिनर उघड्या खिडकीत, लहान मुलं झोपलेल्या खोलीत तर नाहीच. तांब्यासाठी आणि एस्तान्योसाठी केमिकलची पातिना, म्हणजे धातू काळपट करणारं द्रव, असते, काही आम्लाची असतात, ती माएस्त्रासमोरच, हातमोजे घालून.

८. लाकडावर बसवणं

एमडीएफचा तुकडा किंवा लाकडी डबी, कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह (इथे सगळे रेसिस्तोल ५००० वापरतात), दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं झाल्यावर जोडायचं. एकदा टेकवलं की सरकत नाही, त्यामुळे पेन्सिलने आधी खुणा करा. कडा आत दुमडा, नुसत्या सोडल्या तर बोट कापतं.

९. टेबलावर कसं वागायचं

हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं. आत शिरताना सगळ्यांना मिळून "बुएनास तार्देस" म्हणायचंच, न बोलता जाऊन बसलं तर उद्धट वाटतं. माएस्त्राला नावाने हाक मारू नका, "माएस्त्रा" म्हणा आणि "उस्तेद" वापरा, आपलं अहो-जाहोच. घेतलेलं हत्यार पुसून जागेवर ठेवायचं. कुणाचा वाढदिवस किंवा सणाचं मटेरियल असेल तर कोओपेराचा निघते, म्हणजे वर्गणी, नवीन आहात म्हणून कुणी मागणार नाही पण तुम्ही स्वतःहून पुढे व्हा. मधल्या वेळात कुणी पाव आणतं, कुणी कॉफी, तुम्हीही काहीतरी न्या, चिवडा नेला की लिंबू आणि तिखटावर वाढलेली ही माणसं लगेच आपली होतात. नोव्हेंबरच्या ओफ्रेंदासाठी, म्हणजे मृतांच्या सणाला मांडतात त्या वेदीसाठी, सगळ्यांनी मिळून काम करायचं असतं, तुम्हाला नुसती झेंडूची पानं करायला दिली तरी घ्या, त्या वेळी एकमेकांचे हात बघून जे शिकायला मिळतं ते इतर महिन्यांत मिळत नाही.

१०. विकायच्या आधी

दोन-चार छान तुकडे झाले की मैत्रिणी विकत मागतात. आपल्या रेसिदेंते तेम्पोराल म्हणजे तात्पुरत्या रहिवाशाच्या कार्डावर कामाची परवानगी नसेल तर कमाई करण्याआधी इमिग्रेशनकडून परवानगी घ्यावी लागते, हे हलक्यात घेऊ नका. आणि कुठल्या एका गावाची, आदिवासी समाजाची ओळखीची नक्षी उचलून विकणं चूकच आहे, २०२२ पासून त्यासाठी इथे केंद्राचा कायदासुद्धा आहे. फुलं, पक्षी, सूर्य, स्वतः काढलेली नक्षी, यात भरपूर काम आहे.

पुढे ओहालाता शिकायचं असेल तर डाग देणं, आम्ल, पत्र्याच्या कात्र्या हे सगळं येतं, ते घरी अजिबात नको, कारागिराच्या वर्कशॉपमध्येच. त्याआधी डोळा तयार करायला रेविल्याहिहेदो रस्त्यावरच्या म्युझिओ दे आर्ते पोपुलारमध्ये जा, आणि मग बाल्देरास मेट्रोजवळच्या ला सियुदादेला बाजारात एक चक्कर मारा. दुकानदाराला विचारून एखादी आरशाची चौकट उलटी करून बघा, पुढून सगळ्या सारख्याच दिसतात, पण मागून ठोकलेल्या खुणा कमीजास्त असतील तर हाताचं काम, आणि सगळ्या एकसारख्या, एकाच खोलीच्या असतील तर मशीनचं.